उजव्या भिंतीवरचं निम्मं

राजारामपुरी, कोल्हापूर
११ जुलै २००४

अमरेश,

शरणु शरणार्थी. आम्ही इकडे ठीक आहोत. आईचा गुडघा तसाच आहे. धाकटी पवित्रा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला गेली. तुझी तब्येत बरी असल्याचं बसव्वा मामींकडून कळतं.

जे घडलं ते आधी क्रमाने लिहिते.

१. एप्रिलच्या शेवटी अर्जेंटिनातल्या एका विद्यार्थिनीचा मला ई-मेल आला. आपल्या २००२ च्या शोधनिबंधातला शेवटचा आकडा तिला आठ महिने प्रयत्न करूनही येत नव्हता.

२. तिच्यामुळे मी सगळं गणित पुन्हा केलं. ४ मेला कळलं की तो आकडा कुणालाच येणार नाही, कारण निबंधाचा तिसरा भाग चूक आहे. तो भाग तू लिहिला होतास.

३. ९ मेला मी तुला हे ई-मेलने कळवलं. सहा पानांचं गणित सोबत जोडलं.

४. १२ मेला तू बंगळूरहून पेठ वडगावला आईवडिलांना फोन केलास. मला केला नाहीस.

५. १६ मेला रुद्रय्या मामा आणि बसव्वा मामी आमच्याकडे आले. तुझ्या-माझ्या लग्नाचं बोलले. माझी ओटी भरली. त्याच संध्याकाळी तुझा फोन आला.

६. जूनमध्ये मी दुरुस्तीचा मसुदा तुला दोनदा पाठवला. उत्तर नाही. चौगुले सरांनी तुझ्या सहीशिवाय आपली सही करायला नकार दिला.

७. ४ जुलैला भांडी आली.

यातलं एखादं वाक्य चुकलं असेल तर दुरुस्त करून पाठव.

हे पत्र मी मराठीत आणि हाताने लिहिते आहे, याला कारण आहे. या विषयावर आपण आजपर्यंत एकमेकांना इंग्रजीतच लिहीत आलो. पण १२ मेला हा विषय तू घरात नेलास. म्हणून घरातल्या माणसाला कळेल अशा भाषेत तो एकदा पूर्ण लिहून ठेवते. पत्राची नक्कल करून ठेवली आहे. ती कुणासाठी, ते शेवटी लिहीन.

आपल्या जगाला लांबी, रुंदी, उंची आणि काळ अशा चार मिती आहेत. आपण कागदावर असं एक जग मांडलं की ज्याला पाचवी मितीही आहे, फक्त ती इतकी आखूड आहे की कुणाला दिसत नाही. ती एखाद्या बोळासारखी आहे. बोळाच्या डाव्या टोकाला एक भिंत, उजव्या टोकाला एक. काही कण बोळातून फिरतात, काही भिंतीला चिकटूनच असतात. या जगाचा पहिला नियम असा, की प्रभार हरवत नाही आणि आपोआप उगवत नाही. साध्या समीकरणांत तो पाळला जातो. त्यांना क्वांटमचे नियम लावले की भिंतींपाशी तो मोडतो. एका भिंतीत प्रभार जिरून नाहीसा होतो, दुसरीतून कुठूनसा उगवतो. याला आपण अनॉमली म्हणतो. मराठीत विसंगती म्हणतात, पण तो शब्द फार सौम्य आहे. हा नियम मोडला तर सिद्धान्त थोडासा चुकत नाही. त्यातून निघालेल्या कुठल्याही उत्तराला अर्थच राहत नाही.

आपल्या मांडणीत दोन्ही भिंतींची बेरीज शून्य येते. ज्याला बोळ दिसत नाही, जो लांबून नुसती बेरीज बघतो, त्याला सगळं व्यवस्थित वाटतं. प्रत्यक्षात डाव्या भिंतीवर निम्मं कमी आहे आणि उजव्या भिंतीवर निम्मं जास्त. दोन्ही भिंती आपापल्या जागी मोडक्याच. यावर इलाज आहे, आणि तो सुंदर आहे. भिंती सोडून मधल्या जागेत एक चर्न-सायमन्स पद घालायचं. ते उजवीकडचं जास्तीचं निम्मं उचलतं आणि डावीकडे पोचवतं. हे पद टोपॉलॉजिकल आहे. म्हणजे बोळ लांब की आखूड, सरळ की वाकडा, याची ते दखल घेत नाही. क्षेत्राला पीळ किती पडला आहे एवढंच बघतं. म्हणूनच ते आपल्या सोयीने थोडं घातलं, थोडं काढलं, असं करता येत नाही. जेवढं लागतं तेवढं घालावंच लागतं.

तू तिसऱ्या भागात लिहिलंस की या पदाची गरज नाही. आपला फिरता कण बहुतेक वेळ डाव्या भिंतीजवळच राहतो, म्हणून त्याची सगळी अनॉमली डाव्या भिंतीवर पडते आणि तिथल्या कणांशी तिथल्या तिथे मिटते. वाचताना ते पटतं. मलाही पटलं होतं. पण कण कुठे राहतो ते अनॉमली बघत नाही. तो जन्मभर एका टोकाला बसून राहिला तरी ती दोन्ही भिंतींवर निम्मी-निम्मीच पडते. उजव्या भिंतीवरचं निम्मं तू लिहिलंच नाहीस. ते पद शून्य धरून आपण शेवटचा आकडा काढला, आणि तिघांच्या नावाने छापला. पहिलं तुझं, दुसरं माझं, तिसरं सरांचं.

अर्जेंटिनाच्या मुलीने पहिल्या ई-मेलमध्ये काय लिहिलं होतं ते तुला माहीत नाही, कारण तू विचारलं नाहीस. तिने लिहिलं होतं, 'छापलेल्या निबंधात चूक असणार नाही, तेव्हा माझ्यातच काही कमी असेल. मी कुठे चुकते ते सांगाल का?' मी तिला मे महिन्यातच कळवलं की ती बरोबर आहे. त्यावर तिचं एकच वाक्य आलं: तिचे परीक्षक छापलेलंच मानतात, तर दुरुस्ती कधी छापली जाईल? सप्टेंबरमध्ये तिला प्रबंध द्यायचा आहे. माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरणही याच निबंधावर उभं आहे, पण ते मी फाडून टाकू शकते. तिचं मी काय करू?

वडगावच्या तुमच्या गच्चीची आठवण काढणार नव्हते. पण तिच्याशिवाय हे पत्र अर्धवट राहील.

२००१ चा उन्हाळा. तुझा प्रबंध संपत आला होता, मी एम.एस्सी. करून चौगुले सरांकडे पीएच.डी.ला नुकती लागले होते. खाली मामांच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या भांड्यांवर नावं घालायचं मशिन चालू होतं, त्याची घरघर वर गच्चीपर्यंत येत होती. तू पाण्याच्या टाकीवर खडूने दोन उभ्या रेघा ओढल्यास. म्हणालास, ही डावी भिंत, ही उजवी, आणि आपण दोघं मधे. मग मी एक बेरीज करून दाखवली आणि शून्य आलं म्हणून खूश झाले. तू टाकीवरची माझी बेरीज तळहाताने पुसलीस. "बेरीज बघू नकोस, पदं बघ. बेरजेत चुका लपतात." मला तो दिवस पूर्ण आठवतो. तुझ्या हाताला लागलेला खडूसुद्धा. इतकं चांगलं मला कुणी शिकवलं नव्हतं.

तुझ्या इतर आतेबहिणी वयाने तुझ्याहून मोठ्या, त्यांची लग्नं झालेली. पवित्राचा जन्म व्हायचा होता, मी एकटीच राहिले होते. म्हणून लहानपणी मी तुला एकदा 'दादा' म्हटलं तेव्हा मामींनी माझ्या तोंडावर हात ठेवला होता. "दादा न्हाय म्हणायचं गं. मामाचं पोर हाय त्ये." मी सहा वर्षांची असेन. तेव्हापासून तुला नावाने हाक मारते. आपल्याकडे मामाच्या मुलाला दादा म्हणू देत नाहीत, कारण पुढची सोय आधीच बघून ठेवायची असते. ही पद्धत मला कधी विशेष वाईट वाटली नाही. तू तिचा असा उपयोग करशील असं वाटलं नव्हतं, एवढंच.

आता १६ मे.

मामा चपला काढता काढताच म्हणाले, "काय गं शिवे, माझ्या पोराच्या चुका काढतीस म्हणं?"

आण्णांनी त्यांच्या हातातली पिशवी घेतली. "गणितात कायतरी निम्म्याचा घोळ हाय म्हणती. तुम्ही बसा तर आधी."

"निम्म्याचा?" मामी हसायलाच लागल्या. "मग त्यात एवढं काय? निम्मं हिनं घ्यावं, निम्मं त्यानं. संसार म्हंजे आणि काय वेगळं असतंय व्हय?"

सगळे हसले. मीही हसले असेन. पिशवीतून नारळ निघाला, खण निघाला, हिरवी साडी निघाली. आईने पाट मांडला. तो तिने आधीच पुसून ठेवला होता, म्हणजे तिला माहीत होतं. मामींनी ओटी भरली आणि चिमूटभर नाही, मूठभर साखर माझ्या तोंडात कोंबली. तोंड मिटता येईना, गिळता येईना, आणि सगळ्यांसमोर थुंकताही येईना. हनुवटीवरून ती गळ्यात सांडली आणि घामाने चिकटली.

"अमरूनं बुधवारी फोन केलता," मामी आईला सांगत होत्या. "म्हणाला, अव्वा, शिवूचं आता लांबवू नका. मी म्हणालो, आरं, इतकी वर्सं आम्ही तुझ्या मागं लागलोय तर न्हाय न्हाय म्हणत होतास, आणि आता रं काय झालं? तर म्हणाला, आता वेळ आलीया."

बुधवार म्हणजे १२ तारीख. माझा ई-मेल तुला रविवारी गेला होता. तारखा जुळवायला मला कधी वेळ लागत नाही. त्या दिवशी लागला.

फोनबद्दल पुढे लिहिते.

दुरुस्तीचा मसुदा घेऊन मी जूनमध्ये सरांच्या खोलीत गेले. ते बशीत चहा ओतून पीत होते. मसुदा त्यांनी वाचला, आणि चहाची ओली बशी त्यावरच ठेवली.

"गणित बरोबर दिसतंय गं. पण त्याची ऑगस्टमध्ये मुलाखत आहे, माहितीय ना? कायमची जागा आहे. आत्ता हे छापून आणलंस तर पोराचं वाटोळं होईल."

"सर, चूक छापलेली आहे."

"छापलेलं कोण वाचतंय?"

"एक मुलगी वाचते आहे. आठ महिने."

"ती राहिली तिकडं सातासमुद्रापार." मग ते हसले. बिस्किटाचा चुरा त्यांच्या मिशीत होता. "आणि आता तर काय, घरचंच झालं की सगळं! आमचे पेढे राहिलेत हं अजून. असं करा, दोघं नवराबायको बसून मिटवा, मी अक्षता टाकायला येतो तेव्हा सही करून टाकतो."

लग्नाचं मी सरांना सांगितलं नव्हतं. आमच्या घरातून कुणी सांगणं शक्य नाही; सरांचा फोन नंबर फक्त माझ्याकडे आहे. म्हणजे ते तू सांगितलंस. माझ्या दोन ई-मेलना उत्तर द्यायला तुला वेळ नव्हता, पण सरांना पेढ्यांची आशा लावायला होता.

मसुद्यावर बशीचा गोल डाग पडला आहे. सोबत पाठवते ती नवी प्रत आहे.

त्यानंतर मला भेटेल तो अभिनंदन करू लागला. राजारामपुरीत आठव्या गल्लीपासून जनता बाजारापर्यंत चालत गेलं तर तीन माणसं तरी थांबवतात. झेरॉक्सवाल्या काकांनीही पैसे घ्यायला नको म्हटलं, "आता तुमचं ठरलंय म्हणं!" मी त्यांच्याकडे आपल्याच निबंधाची प्रत काढत होते. प्रत्येक अभिनंदनाला माझ्या जिभेवर ती साखर परत येते. किळस हा शब्द मी सहसा वापरत नाही. इथे दुसरा शब्द बसत नाही.

आईशी एकदा बोलायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, "अगं, तुझ्या आण्णांच्या किती चुका मी पोटात घातल्या! त्या काय छापून आणल्या काय मी?"

आण्णा पेपर खाली न घेता म्हणाले, "कुठल्या गं चुका?"

"हीच बघा एक. तुम्हाला ठाऊकच न्हाईत."

पवित्रा हसून लोळली. मला हसू आलं नाही. घरातली माणसं वाईट नाहीत, अमरेश. ती बेरीज बघतात. दोन घरं, एक मुलगा, एक मुलगी, एकाच विषयात शिकलेली, शून्य भांडण. त्यांना बोळ दिसत नाही. तुला दिसतो.

गेल्या रविवारी, ४ तारखेला, टेम्पो आला. मामा ड्रायव्हरशेजारी बसून स्वतः आले होते. पराती, कळश्या, तांबे, उतरंडीसारखे एकावर एक डबे. प्रत्येक भांडं प्लास्टिकच्या पिशवीत. टेम्पोतून आमच्या दुसऱ्या मजल्यापर्यंत ते चढवायला गल्लीतली चार माणसं लागली. मी वरचा डबा पिशवीतून काढला. त्यावर मशिनने टिंब-टिंब करून घातलेलं नाव होतं: सौ. शिवांजली अमरेश शेटे. प्रत्येक भांड्यावर तेच. चमच्यांवर जागा पुरली नसावी, तिथे नुसतं सौ. शि. अ. शे.

"मामा, मी हो कुठं म्हणाले?"

"आणि न्हाय कुठं म्हणालीस?"

"त्या दिवशी तुम्ही निघताना विचार करते म्हणाले होते."

"मग कर की विचार. कोण आडवं आलंय? भांड्यात भात शिजवत शिजवत कर." मामांनी टॉवेलने मान पुसली. ते खूश होते. "मामाचा आहेर हाय ह्यो, पोरी. भाचीला मामानं भांडी द्यायची असत्यात."

"आणि लग्न झाल्यावर ही भांडी कुठे जाणार?"

"कुठं म्हंजे? सासरी. वडगावात."

मी म्हणाले, म्हणजे तुमच्याच घरात. मामा इतक्या मोठ्याने हसले की खालच्या मजल्यावरची बाई जिन्यात आली. "आयला, व्हय की! माझीच भांडी, माझ्याच घरात! टेम्पोचं भाडं तेवढं गेलं!"

वडगावातून निघाली, राजारामपुरीत आली, पुन्हा वडगावला जाणार. बेरीज शून्य. मधल्या प्रवासात त्यांच्यावर फक्त माझं नाव पडलं, जे माझं नाव नाही.

मी म्हणाले, मामा, ही घेऊन जा. तर म्हणाले, "नाव पडलेलं भांडं दुकानात परत घेत न्हाईत. तुला म्हाईत न्हाय व्हय? दुकानातच खेळून मोठी झालीस की." ते खरं आहे. मी त्या मशिनशेजारी बसून गिऱ्हाइकांची नावं पाटीवर लिहून द्यायची. नाव घालण्याआधी मामा प्रत्येकाला दोनदा विचारायचे, "हेच ना नक्की?" मला एकदाही विचारलं नाही. कारण तू सांगितलं होतंस की ठरलं आहे.

मामांचा मला राग येत नाही. त्यांनी हे प्रेमाने केलं. ते प्रेम तू वापरलंस, त्याची शिसारी येते.

आता तो फोन.

फोन आमच्या पुढच्या खोलीत टीव्हीशेजारी आहे, तुला माहीत आहे. मामींनी उचलला, "घे, घे, तुझाच हाय," म्हणून माझ्या हातात दिला, आणि कुणी उठून गेलं नाही. पवित्राने टीव्हीचा आवाज बंद केला. पाच माणसं माझ्याकडे बघत बसली. माझ्या ओटीत नारळ होता.

तू म्हणालास, "मेल मिळाला. गणित बरोबर आहे तुझं."

मी म्हणाले, "हं."

मामी आईला कोपराने ढोसत होत्या.

"बेरीज शून्यच येते, त्यामुळे घाई नाही. ऑगस्टमध्ये मुलाखत आहे. ती होऊ दे, मग बघू."

"हं."

"बोल की गं चार शब्द!" मामा ओरडले. "एसटीडीचं बिल माझं पोरगं भरतंय, तुला काय झालंय?"

मग तू जरा हसलास आणि म्हणालास, "खरं सांगू का, उजव्या भिंतीचं मला तेव्हाच दिसलं होतं. निबंध पाठवायची मुदत होती. तू तपासशील असं वाटलं नव्हतं."

मी म्हणाले, "हं."

"बघा, कशी लाल झाली!" पवित्रा टाळ्या वाजवत म्हणाली. मी खरंच लाल झाले असणार, कान तापले होते. सगळ्यांना वाटलं, तू काहीतरी गोड बोललास. आणि तू शेवटी म्हणालास, "तुला काय, तू तर घरचीच." तेवढं मामींना रिसीव्हरमधून ऐकू गेलं. त्या पदराने डोळे पुसायला लागल्या.

हे मी घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही. वरच्या यादीतही लिहिलं नाही. लिहिताना ते वाक्य प्रत्येक वेळी वगळत होते.

चूक झाली असती तर मी तुझ्यासोबत सही करून मोकळी झाले असते. ही चूक नव्हती. तुला दिसलं होतं. तू ते झाकलंस आणि खाली दुसरं नाव माझं घातलंस, कारण हे नाव तपासणार नाही असा तुझा हिशेब होता. ज्याने मला पदं बघायला शिकवलं त्याचा. मग मी तपासलं, तेव्हा तुझ्याकडे एकच उपाय उरला: मला घरात घ्यायचं, म्हणजे चूक घराबाहेर जाणार नाही. तिसऱ्या भागातली युक्तीही हीच होती. सगळं डाव्या भिंतीवर ढकलायचं, आणि तिथल्या तिथे मिटलं म्हणायचं.

एक गोष्ट राहिली. ती एकदाच लिहिते, पुन्हा लिहिणार नाही आणि बोलणारही नाही. मामींनी ओटी भरल्यापासून फोन वाजेपर्यंत, तेवढा वेळ, मला आनंद झाला होता. म्हणून तारखा जुळवायला वेळ लागला. तू एप्रिलमध्ये विचारलं असतंस, किंवा त्याआधी कधीही, तर मी लगेच हो म्हटलं असतं, मामींना साखर भरवायची वेळ आणली नसती. मला सगळ्यात जास्त किळस माझ्या त्या तासाची येते. तुझी त्यानंतर.

आता माझं म्हणणं.

दुरुस्तीचा मसुदा सोबत आहे. अर्धं पान आहे. त्यात कुणी काय लिहिलं होतं याचा उल्लेख नाही, फोनचाही नाही. 'आमच्या निबंधात' एवढंच आहे. पद घातल्यावर येणारा नवा आकडा दिला आहे, आणि ज्या विद्यार्थिनीमुळे चूक सापडली तिचं नाव घेऊन आभार मानले आहेत. संपादकांनी कळवलं आहे की तिघांच्या सह्या असतील तर ते लगेच छापतील. नसतील तर मी एकटीच्या नावाने पाठवू शकते, पण मग बाकीचे लेखक सहमत आहेत की नाहीत ते त्यात लिहावं लागेल. मी लिहीन. तुझ्या मुलाखतीच्या आधी की नंतर, हे बघणार नाही.

लग्न मी करणार नाही. तू सही केलीस तरी नाही. या दोन गोष्टी एकत्र तू बांधल्यास, मी त्या वेगळ्या लिहिते आहे, म्हणजे सहीचा मोबदला काय असा प्रश्न तुला पडायला नको. मामा-मामींना हे तू सांगायचं आहेस, कारण त्यांना तू पाठवलं होतंस. तू सांगितलं नाहीस तर भांडी टेम्पोत भरून मी स्वतः वडगावला नेईन, आणि या पत्राची नक्कल मामांना समोर बसून वाचून दाखवीन. म्हणून ती साध्या भाषेत आहे. मामींसमोर वाचायला मला जड जाईल. त्यामुळे तू सांगितलंस तर बरं.

नाव पडलेलं भांडं परत घेत नाहीत, हे मला माहीत आहे. छापलेला निबंधही परत घेता येत नाही. पण त्याच्याखाली दुरुस्ती छापता येते, आणि ती छापायची असते. भांड्यांचं काय करायचं ते मामा ठरवतील. मी खाली जे नाव लिहिते आहे ते निबंधावर छापलेलं आहे. मला तेवढंच सांभाळायचं आहे.

सही केलेला मसुदा, किंवा सही करणार नाही असं एका ओळीत लिहून, सोमवार २६ जुलैपर्यंत माझ्या हातात पडेल असं रजिस्टर पोस्टाने पाठव.

शिवांजली बसवराज पट्टणशेट्टी